एका थेंबाची शुश्रूषा

डोळे आणि कान यांच्या नेहमीच्या विकारांत औषध बहुधा थेंबांच्या रूपाने दिले जाते, आणि ते रुग्णालयात नव्हे तर घरी, सुनेच्या, मुलाच्या किंवा नातवंडाच्या हातून दिले जाते. या शुश्रूषेत कौशल्याइतकाच संयम लागतो. किंबहुना या दोन इंद्रियांत काय घालावे यापेक्षा काय घालू नये, हे कळण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडन येथे कृत्रिम भिंग प्रथम बसवले आणि चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. त्यामुळे आज जखम जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. पूर्वी रुग्णालयात कित्येक दिवस होणारी देखरेख मात्र त्यामुळे घरच्यांवर येऊन पडली, ही या सोयीची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. रात्री डोळ्यावर संरक्षक कवच लावणे, डोळा न चोळणे, डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून पाणी न घेणे ही पथ्ये सर्वांना ठाऊक असतात. चूक होते ती थेंब घालताना.

खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की पापणी आणि नेत्रगोल यांच्यामध्ये जी खोबण दिसते, तिच्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव मावतो, आणि बाटलीतून पडणारा एक थेंब बहुतेक वेळा याहून मोठाच असतो. म्हणून खात्रीसाठी घातलेला दुसरा थेंब गालावरून ओघळण्यापलीकडे काही करत नाही. दोन वेगळी औषधे असतील तर त्यांच्यात किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, अन्यथा दुसरे औषध पहिल्याला धुऊन काढते. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. थेंबानंतर डोळा मिटून नाकाकडील कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, कारण तेथील अश्रुनलिका नाकात उघडते आणि औषध नाकाच्या आतील अस्तरातून थेट रक्तात जाते. काचबिंदूत, म्हणजे बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस निकामी होत जाण्याच्या विकारात, वापरले जाणारे टिमोलॉल अशा वाटेने शरीरात गेल्यास दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते आणि नाडीही मंदावू शकते. इतकी महत्त्वाची ही कृती औषधाच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

डोळे येणे हा बहुधा विषाणूंचा आजार असून तो आपोआप बरा होतो. वेगळा टॉवेल, वेगळी उशी आणि वारंवार धुतलेले हात हीच त्याची शुश्रूषा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली झटकन घालवतात, म्हणून लोकप्रिय आहेत आणि म्हणूनच धोक्याचे. उसाचे पाते लागून बुबुळावर जखम झालेली असताना ते घातले, तर बुरशी आतल्या आत फोफावते आणि डोळ्यात कायमचे फूल पडते.

कानाच्या बाबतीत संयमाची कसोटी अधिक लागते. बाह्यकर्णाची नळी प्रौढात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यातील मळ आपोआप बाहेर सरकतो. काडी घातली की तो पडद्याकडे ढकलला जातो. लसूण घालून कढवलेले तेल हा घरोघरीचा उपाय आतील नाजूक त्वचा भाजतो, आणि पावसाळ्यात तर ओलसर कान बुरशीला आयताच मिळतो.

कान वाहणे म्हणजे पडद्याला छिद्र पडून मध्यकर्णातील स्राव बाहेर येणे. मुलांमध्ये घसा आणि कान यांना जोडणारी नळी आखूड व आडवी असल्याने सर्दीचा संसर्ग तेथे लवकर पोचतो. अशा कानात थेंब घालण्याआधी तो कोरडा करावा लागतो, नाही तर औषध पुवातच विरून जाते. त्यासाठी स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात करून ती हलकेच कानात ठेवावी, ओली झाली की बदलावी आणि वात कोरडी निघेपर्यंत हे दिवसातून किमान तीनदा करावे. कष्टाचे असले तरी हे काम बिनखर्चाचे आहे. मग बाटली तळहातात धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते. प्रौढाची पाळी वर व मागे आणि लहान मुलाची खाली व मागे ओढून थेंब सोडावेत व रुग्णाला काही मिनिटे कुशीवर निजवावे. घरात पूर्वीची उरलेली बाटली वापरू नये. जेंटामायसिनसारखे औषध छिद्रातून आत गेल्यास आंतरकर्णाला इजा करू शकते. कानामागे सूज, तोंड वाकडे होणे, ताप आणि तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले, तर घरची शुश्रूषा थांबवून तातडीने तज्ज्ञाकडे न्यावे.

कान वाहणाऱ्या मुलाला बरेचदा कमी ऐकू येते आणि शाळेत ते लक्ष देत नाही असा शेरा मिळतो. शिक्षकांनी अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, आणि पालकांनी कान कोरडा झाल्यानंतरही त्याची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी.