पिकअपच्या मागे हवेच्या स्प्रिंगा: काय होतं आणि काय होत नाही

मागच्या भागात मी ओघात बोलून गेलो की ट्रकला एअर स्प्रिंगा बसवल्या. त्यावर बरेच प्रश्न आले आणि निम्म्या प्रश्नांचा सूर एकच होता: "मग आता माल किती जास्त घालता येतो?" मलाही आधी हेच वाटलं होतं. उत्तर जरा उशिरा कळलं, म्हणून आजचा भाग त्यावरच. बोललेलं लिहिताना थोडं आवरून घेतलंय, आकडे मात्र तेच आहेत.

मी डॅलसच्या बाजूला राहतो. दिवसभर कोड लिहितो आणि गणपतीच्या दिवसांत ढोल वाजवतो. पथकात पिकअप असलेला मी एकटाच, त्यामुळे ढोल, ताशे, ध्वज, स्टेजचे पाईप, सगळं माझ्याच गळ्यात. ट्रक इथे ज्याला हाफ-टन म्हणतात त्या वर्गातला, एफ-१५० किंवा सिल्व्हरॅडो १५०० असतात तसा. गेल्या वर्षी पहिल्यांदा मागे ट्रेलर जोडून ऑस्टिनला गेलो. जवळपास २०० मैल. आम्ही दोघेच होतो. ट्रकची मागची बाजू अशी बसली होती की नाक आभाळाकडे. हायवे सोडून दुपदरी रस्त्याला लागलो तर समोरून येणारे सगळे अप्पर-डिप्पर मारायला लागले. मला वाटलं माझा हाय बीम चालू आहे. नव्हता. मागचं बूड खाली गेल्यामुळे साधे हेडलाईटच लोकांच्या डोळ्यात जात होते. स्टिअरिंगही सैल वाटत होतं. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हा किट मागवायचं.

ही चीज आहे काय? रबराचा जाड फुगा, वर-खाली धातूच्या पट्ट्या. मागचा ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसतो, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. इथले लोक सर्रास 'एअर बॅग' म्हणतात, पण अपघातात उघडते ती ही नव्हे. मूळच्या पाट्यांच्या जोडीला ही मदतनीस, म्हणून हेल्पर. आपल्याकडे पिकअपला जादा पाटा टाकून घेतात ना, त्याच कामाला हा दुसरा उपाय. माझ्या मामाची निफाडला पिकअप आहे, कांदा लासलगावला न्यायचा म्हणून त्याने पाटे वाढवून घेतलेत. भरलेली गाडी छान चालते, पण रिकामी परत येताना पाठीचा कणा मोजून घ्यावा. हवेचा फायदा इथे आहे: माल उतरवला की हवा सोडायची.

हिशेब शाळेतलाच आहे. जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. फुग्याचं परिणामकारक क्षेत्रफळ २५ चौरस इंच धरा. ३० पीएसआय हवा भरली तर एक फुगा ७५० पौंड उचलतो, दोन मिळून १,५००. १०० पीएसआयला दोघे मिळून ५,०००. किटच्या खोक्यावर ५,००० पौंड हा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि घोळ सगळा तिथून सुरू होतो.

बसवायचं काम मी आणि बायकोने शनिवारी ड्राइव्हवेवर केलं. ट्रक चासीखाली जॅक स्टँड लावून उचलला, म्हणजे ॲक्सल खाली लोंबतो आणि जागा होते. मूळचा रबरी ठोकळा काढला, वरचा ब्रॅकेट चासीला, खालचा ॲक्सलला. नटबोल्ट फार अवघड नाहीत. बघायचं ते हे, की क्लॅम्पखाली ब्रेकची नळी चिमटत नाही ना, आणि फुगा फुगल्यावर चारी बाजूंनी बोटभर मोकळा राहतो ना. एक्झॉस्ट एका बाजूने जवळून जातो, तिथे किटमधलं उष्णतारोधक पत्र्याचं कवच लावायचंच. सुरू करण्याआधी रिकाम्या ट्रकची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. पुढे हवा किती भरायची ते याच मापावरून ठरतं.

आता माझ्या चुका. हवेची नळी बारीक प्लास्टिकची असते आणि ती जोडात नुसती दाबून बसवायची. मी ती घरातल्या कात्रीने कापली. टोक किंचित तिरकं आणि चपटं झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी डावी बाजू बसलेली. धारदार ब्लेडने काटकोनात कापायची, एवढंच त्यातलं शास्त्र. गळती शोधायला पंक्चरवाल्याचीच युक्ती: जोडावर साबणाचं पाणी, बुडबुडे आले की सापडला चोर. हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मोजा.

दुसरी चूक जास्त शहाणपणातून आली. दोन फुग्यांना दोन व्हॉल्व्ह कशाला, मध्ये टी-जोड टाकून एकच करू, भरायला सोपं! दिसायला सुबक. पण वळणावर बाहेरच्या बाजूचा फुगा दाबला जातो, त्यातली हवा नळीतून आतल्या फुग्यात जाते, आणि जिथे आधार हवा तिथेच तो कमी होतो. रॅम्पवर ट्रक असा कलंडला की बायको "थांबव" म्हणाली. त्याच संध्याकाळी दोन्ही नळ्या वेगळ्या केल्या. दोन्ही व्हॉल्व्ह नंबरप्लेटजवळ आणलेत, टायरला असतात तसलेच, साध्या पंपाने भरता येतात. फुग्यात हवा मुळात थोडीच असते, त्यामुळे गेज लावून बघताना दोन-तीन पीएसआय जातातच. सारखं मोजत बसू नका.

इथवर मी खूश होतो. या वर्षी ट्रेलर जोडला, ३० पीएसआय भरली, ट्रक पाटासारखा सरळ. आमच्या पथकातले काका (सगळेच त्यांना काका म्हणतात) मागून बघून म्हणाले, "वा! आता मागच्या सीटवरही तिघांना घे, वेगळी गाडी कशाला?" मीही हो म्हटलं. निघताना पेट्रोल भरायला ट्रक स्टॉपवर थांबलो, तिथे कॅट स्केल होता. हा मोठ्या ट्रकांचा वजनकाटा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभे राहतात आणि तिघांचं वजन छापून मिळतं. केवळ हौस म्हणून मी गाडी चढवली.

मागचा ॲक्सल ४,०५० पौंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर उघडून पाहिलं: मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८००. त्याच चौकटीत दुसरं स्टिकर असतं, माणसं आणि माल मिळून किती. माझं १,४८०. आमचा हिशेब केला: पाच माणसं ८००, मागच्या हौद्यात ६६०, आणि ट्रेलरचा हिचवर येणारा भार ४८०. एकूण १,९४०. म्हणजे ४६० पौंड जास्त, आणि ट्रक दिसत होता शोरूममधून काढल्यासारखा!

फुग्याने वजन कुठे नाहीसं केलं नव्हतं. त्याने पाट्यांवरचा भार वाटून घेतला आणि चासी वर उचलली, बस. तेच वजन त्याच ॲक्सलवर, त्याच बेअरिंगवर, त्याच दोन टायरांवर आणि त्याच ब्रेकवर होतं. किट बनवणारे स्वतःच पुस्तिकेत लिहितात की गाडीच्या कंपनीने दिलेली मर्यादा यामुळे वाढत नाही. मी ते पान उलटून पुढे गेलो होतो, आपण लायसन्स ॲग्रीमेंट वाचतो तसं. उलट बूड खाली बसणं ही ट्रकने दिलेली सूचना असते, आणि मी ती सूचनाच बंद करून टाकली होती.

आणखी एक गोष्ट त्या कागदावरून कळली. ट्रेलरचा गोळा मागच्या चाकांच्या साधारण ४ फूट मागे आहे, पुढची-मागची चाकं १२ फुटांवर. सीसॉ आठवा. गोळ्यावर ४८० पौंड आले की मागच्या ॲक्सलवर ६४० वाढतात आणि पुढच्यावरचे १६० कमी होतात. स्टिअरिंग सैल वाटण्याचं एक कारण ते. हवा भरून हेडलाईट खाली येतात, पण पुढचे १६० पौंड परत येत नाहीत. त्यासाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच लागतं, त्याच्या सळया ताणून भार पुढे ढकलतात. जड ट्रेलर ओढणार असाल तर आधी ते, मग फुगे.

तिथे पार्किंगमध्ये चांगलीच चर्चा झाली. काका म्हणाले, "अरे, एवढं काय, सगळे जातात." एकाने सुचवलं की ट्रेलरमधलं सामान मागे सरकवू, म्हणजे हिचवरचा भार घटेल. घटतो, पण मग ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पुढे हिचवर राहायलाच हवेत. आमचा ट्रेलर ४,००० पौंडांचा, त्यामुळे ४८० बरोबरच होते. मी काकांना म्हटलं, "काका, माझ्या गाडीत तुमचा नातू बसलाय. मी नाही नेणार असं." आवाज थोडा चढलाच माझा. ते गप्प झाले. मग एकाला फोन करून मिनीव्हॅन बोलावली, तिघे तिकडे गेले. तासभर उशीर झाला, पथकाची वेळ पुढे ढकलावी लागली, शिव्या मलाच पडल्या. पुन्हा काट्यावर चढवली: मागचा ॲक्सल ३,७८०. जेमतेम २० पौंड आत. मग हवाही थोडी कमी केली, कारण ट्रक आता मागून वर दिसायला लागला होता.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी उरलेलं पटकन. रॅम १५०० ला २००९ पासून मागे पाटे नसून कॉइल स्प्रिंगा आहेत, तिथे फुगा कॉइलच्या आत बसतो, किट वेगळं. ट्रक रिकामा असतानाही फुगा पूर्ण मोकळा करू नका, निदान ५ पीएसआय ठेवा, नाहीतर रबर दुमडून घासतं. माझ्यात एरवी १० असते. टायर बदलायला गाडी चासीने उचलणार असतील तर तिथल्या माणसाला फुगे आहेत हे आधी सांगा, ॲक्सल लोंबला की ते ताणले जातात. बसवल्यावर काही आठवड्यांनी सगळ्या बोल्टना पुन्हा एकदा पाना लावा. माझे दोन सैल निघाले होते.

काका अजून थोडे फुगलेलेच आहेत. विसर्जनानंतर ऑस्टिनहून परतताना मात्र स्वतःच मिनीव्हॅनमध्ये जाऊन बसले.