सीबीडी तेल : बाटली उघडण्यापूर्वी लेबल वाचा

काही दिवसांपूर्वी रिसोड तालुक्यातील एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन मध्यरात्री माझ्याकडे आल्या. मुलाला मिरगीचा आजार. दोन वर्षांपासून औषध नियमित चालू होते आणि झटके आटोक्यात होते. मग पुण्याच्या एका नातेवाइकाने ‘सीबीडी तेल’ म्हणून एक बाटली पाठवली. ‘‘झाडपाल्याचं औषध हाय, म्हनून रोजचं बंद केलं जी,’’ बाई रडत सांगत होत्या. चौथ्या रात्री मुलाला लागोपाठ झटके आले. इंजेक्शन देऊन ते थांबवले व मुलाला अकोल्याला पाठवले. मुलगा आता बरा आहे. दुसऱ्या दिवशी मी ती बाटली पाहिली. ते भांगेच्या बियांचे तेल होते. त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच!

हल्ली गुडघेदुखीपासून निद्रानाशापर्यंत अनेक तक्रारींसाठी ‘कोणते सीबीडी घेऊ?’ असे रुग्ण विचारतात. म्हणून आज याच विषयावर.

सीबीडी म्हणजे काय?

भांग, गांजा व चरस एकाच झाडापासून मिळतात. त्या झाडातील दोन द्रव्ये महत्त्वाची आहेत. टीएचसीमुळे नशा येते. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. त्याने नशा येत नाही, पण शरीरावर परिणाम मात्र होतो.

बाजारात सीबीडीचे तीन प्रकार सांगितले जातात. ‘आयसोलेट’ म्हणजे वेगळे काढलेले शुद्ध सीबीडी. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ म्हणजे झाडातील इतर घटकांसह, पण टीएचसी काढून टाकलेला अर्क. ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणजे टीएचसीसह सर्व घटक असलेला अर्क. तिसऱ्या प्रकाराने चक्कर व गुंगी येऊ शकते. तो घेऊन मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालवणे धोक्याचे.

नावांचा घोळ

बाटलीवर ‘हेम्प सीड ऑइल’ लिहिले असेल तर ते बियांचे तेल. २०२१ साली त्याला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. खायला हरकत नाही, पण ते औषध नव्हे. आपल्या धुऱ्यावरची अंबाडी किंवा हिरवळीच्या खताचा ताग यांनाही इंग्रजीत ‘हेम्प’ म्हणतात. त्यांचा सीबीडीशी काही संबंध नाही.

‘विजया’ हे भांगेचे आयुर्वेदातील नाव. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा व चरस येतात, नुसती पाने येत नाहीत. त्यामुळे पानांच्या अर्काची औषधे आयुर्वेदिक परवान्याखाली तयार होतात. मात्र ‘विजया अर्क ५०० मिलिग्रॅम’ म्हणजे ५०० मिलिग्रॅम सीबीडी नव्हे. ते अर्काचे वजन झाले. त्यात टीएचसीच जास्त असू शकते.

उपयोग कितपत?

अमेरिकेत २०१८ साली शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली, ती लेनॉक्स-गॅस्टॉ व ड्राव्हे या लहान मुलांच्या दोन दुर्मिळ व अवघड मिरगींसाठी. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारातील झटक्यांची त्यात भर पडली. हे औषध बहुतेक वेळा चालू गोळ्यांच्या जोडीला देतात, त्यांच्या ऐवजी नव्हे. गुडघेदुखी, मधुमेह वा झोपेसाठी असा भक्कम पुरावा अजून नाही.

मात्राही पाहा. त्या औषधाची सुरुवातच दर किलो वजनाला रोज ५ मिलिग्रॅमने होते. २० किलोच्या मुलाला रोज १०० मिलिग्रॅम झाले. एकूण १००० मिलिग्रॅम सीबीडी असलेली बाटली दहा दिवसांत संपेल. मग चार थेंबांनी मिरगी कशी आवरणार?

लेबलवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासल्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. लेबलप्रमाणे सीबीडी फक्त २६ मध्ये निघाले आणि १८ मध्ये टीएचसी सापडले.

काळजी कोणती घ्यावी?

१) सीबीडी व टीएचसी किती मिलिग्रॅम, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. नसेल तर बाटली परत करा.

२) परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि त्याच बॅचचा तपासणी अहवाल पाहा.

३) सीबीडीने गुंगी, जुलाब, भूक मंदावणे असे त्रास होतात, यकृतावरही परिणाम होतो. सोडियम व्हॅल्प्रोएटसोबत यकृताचा धोका वाढतो, क्लोबाझामसोबत गुंगी वाढते आणि वॉरफरिनसोबत रक्त प्रमाणापेक्षा पातळ होऊ शकते. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

४) गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सीबीडी घेऊ नये.

५) मिरगीचे औषध स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये.

थोडक्यात, तीन प्रकारांतून निवड करण्याआधी आपल्या आजाराला सीबीडीची गरज आहे का, हे विचारा. गरज असेलच, तर टीएचसी नसलेला व मोजता येणारा शुद्ध प्रकार त्यातल्या त्यात समजण्याजोगा; तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोणी प्रेमाने बाटली पाठवली तर आभार जरूर माना. पण झाकण उघडण्याआधी ती आपल्या डॉक्टरांना दाखवा.