वडिलांचा विमा आणि तंबाखूची चंची

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यांत, बारामतीपासून खालीं इंदापूरपर्यंत, उंसाचें बिल हातीं पडूं लागलें म्हणजे विम्याचे एजंट वस्त्यावस्त्यांवर येऊं लागतात. मुलाबाळांचा विमा ही गोष्ट आतां सर्वांच्या परिचयाची झाली आहे. परंतु अलीकडे कांहीं तरुण शेतकरी बंधु मजकडे निराळाच प्रश्न घेऊन येतात. वडिलांचें वय साठीच्या घरांत, विडीची संवय चाळीस वर्षांची, आणि सोसायटीचें कर्ज त्यांचे नांवावर; तर त्यांचे आयुष्याचा विमा उतरतां येईल काय? महसूल खात्यांत मयतांच्या वारसनोंदी लिहिण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं असल्यामुळें, कर्ता पुरुष गेल्यावर घरांत कशाची निकड भासते हें पुष्कळदां पाहण्यांत आलें आहे. त्या आधारें चार गोष्टी येथें लिहितों.

प्रथम हप्ता कसा ठरतो तें पाहूं. ज्याचें आयुष्य कंपनीस कमी भरंवशाचें वाटतें त्याजकडून ती जास्त पैसे घेते. एकोणिसाव्या शतकांत विलायती कंपन्या हिंदी माणसाकडून, केवळ तो हिंदी म्हणून, जादा हप्ता घेत. १८७० सालीं निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेनें हिंदी लोकांस सर्वसाधारण दरानें विमा देण्यास आरंभ केला. आपल्या शेजारीं साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं वेस्टर्न इंडिया कंपनी काढली. पुढें १९५६ सालीं २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झालें. वंशावरून जादा आकार घेण्याचा तो प्रकार गेला. जादा धोक्यास जादा हप्ता हें तत्त्व मात्र राहिलें, व आज तें तंबाखूवर येऊन बसलें आहे. महामंडळानें २०१९ सालीं ‘जीवन अमर’ नांवाची योजना काढली, तींत धूम्रपान करणारे व न करणारे यांचे दर उघडपणें वेगळे ठेवले होते.

येथें आमच्या लोकांची एक समजूत आड येते. ‘आमचे बाबा ओढीत नाहींत, नुसती चुना लावून चिमूट धरतात,’ असें मुलगा मोठ्या निश्चिंतीनें सांगतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें चार जण तंबाखू ओढणारे, व चोवीस जण ती तोंडांत धरणारे किंवा लावणारे आढळले. म्हणजे हा प्रश्न ओढणारांपेक्षां खाणारांचाच अधिक आहे. विमा कंपनी लघवीची तपासणी करविते, तींत कोटिनीन नांवाचा पदार्थ पाहतात. निकोटीन शरीरांत गेल्यावर त्याचें रूपांतर होऊन तो तयार होतो, आणि धूर छातींत गेला काय किंवा चिमूट गालांत राहिली काय, तो सारखाच उतरतो. सकाळीं दांतांस मिश्री लावणाऱ्या आमच्या आयाबहिणींचीही तीच गत. मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. तिला दंतमंजन म्हटल्यानें तिचा गुण पालटत नाहीं. तपासणीच्या आदले दिवशीं चंची लपवून ठेवण्याचाही उपयोग नाहीं, कारण तो अंश कित्येक दिवस अंगांत राहतो. ‘तंबाखू न घेणारा’ असा दर मिळण्यास बहुतेक कंपन्या निदान बारा महिन्यांचा खंड मागतात. (वडिलांनीं तेवढा खंड खरोखरच पाडला, तर विम्याहून मोठा लाभ पदरांत पडेल. विडी सोडल्यावर एका वर्षांत हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो असें वैद्यकशास्त्र सांगतें.)

आतां खऱ्या धोक्याची जागा. प्रस्तावपत्र बहुधा एजंटच भरतो. वडील सही करतात किंवा अंगठा उठवितात. ‘तंबाखूचें सेवन करतां काय, किती?’ ह्या रकान्यांत ‘नाहीं’ लिहिलें गेलें कीं हप्ता कमी बसतो, एजंटाचें काम होतें, आणि घरचेही खूष. पण विम्याच्या १९३८ च्या कायद्याचें कलम ४५ प्रत्येक मुलानें समजून घ्यावें. २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणें पॉलिसीस तीन वर्षें पुरीं झालीं म्हणजे कोणत्याही कारणावरून कंपनीस तिच्याविरुद्ध तक्रार काढतां येत नाहीं. त्या तीन वर्षांच्या आंत मात्र खोटी माहिती उघडकीस आली तर ती दावा नाकारूं शकते. लबाडी ठरली तर भरलेले हप्तेही जातात. साठीच्या माणसाच्या बाबतींत तीं पहिलीं तीन वर्षें म्हणजे थोडा काळ नव्हे. दवाखान्याच्या केसपेपरावर ‘तीस वर्षें विडी’ असें डॉक्टर सहज लिहून जातो, आणि तोच कागद कंपनीच्या हातीं पडतो.

यांत आणखी एक मेख आहे. दुष्काळी सालीं हप्ता चुकला, सवलतीची मुदत टळली आणि पॉलिसी बंद पडून पुन्हां चालू करून घेतली, तर तीं तीन वर्षें त्या पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून फिरून मोजलीं जातात. शिवाय प्रकृतीचें नवें निवेदन द्यावें लागतें. कारखान्याचें बिल वर्षांतून एकदोनदां येणाऱ्या घरानें दरमहा हप्ता बांधून घेऊं नये, वर्षाचा घ्यावा, व त्याची तारीख बिल येण्याच्या सुमाराची ठेवावी.

वडिलांच्या नकळत त्यांचे नांवें विमा काढण्याचा विचार कोणी करूं नये. प्रस्ताव त्यांनीं स्वतः करावा, उत्तरें त्यांचेकडून ऐकून लिहावीं, आणि वारस म्हणून आईचें किंवा मुलाचें नांव घालावें. वयाचा दाखलाही आधीं पाहावा. आमच्या पिढींतील कित्येकांच्या आधारपत्रावर १ जानेवारी ही जन्मतारीख पडली आहे आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरीच आहे. सातबाऱ्यावर, बँकेंत व पॉलिसींत नांव एकाच रीतीनें लिहिलेलें असावें. ‘दादू’ आणि ‘दादासाहेब’ हे एकच हें सिद्ध करण्यांत वारसांचे महिने जातात.

एवढें सर्व करून विमा घ्यावाच काय? मी सरसकट ‘होय’ म्हणणार नाहीं. समजा, दोन लाखांच्या विम्यास एजंटानें दरसाल वीस हजार हप्ता सांगितला, तर दहा वर्षांत दोन लाख आपलेच भरून होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या जीवनविम्यावरील वस्तु व सेवा कर उठला हें खरें, पण त्यानें वयाचा व तंबाखूचा भार उतरत नाहीं. कर्जाची भीति पुष्कळांस अकारण असते. वडिलांच्या कर्जास वारस जबाबदार राहतो तो त्यांचेकडून आलेल्या मिळकतीपुरता. मुलगा स्वतः जामीन राहिला असेल तर गोष्ट निराळी. म्हणून सोसायटींत जाऊन आधीं जामिनाचे कागद पाहावे, मग एजंटास बोलवावें.

थोड्या पैशांत होणारीं कामें मात्र चुकवूं नयेत. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यांत ४३६ रुपयांत वर्षाला दोन लाखांचें संरक्षण आहे, आणि वैद्यकीय तपासणी नाहीं. प्रवेश १८ ते ५० वर्षांपर्यंत, व आंत असलेल्यास तें ५५ पर्यंत चालतें. नव्या नोंदीस पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज मृत्यूची रक्कम मिळत नाहीं. तेव्हां ज्यांचे वडील आज ४८-४९ चे आहेत त्यांनीं ह्याच महिन्यांत बँकेंत जावें. पन्नाशी उलटल्यावर तें दार बंद. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वीस रुपयांत सत्तर वर्षांपर्यंत मिळतो, पण तो केवळ अपघाताचा. दोहोंचें वर्ष १ जून ते ३१ मे असल्यामुळें मेअखेर खात्यांत शिल्लक ठेवावी.

सत्तरी गांठलेल्यांस उत्पन्नाची अट न घालतां आयुष्मान भारत योजनेंत पांच लाखांपर्यंतचा उपचार ऑक्टोबर २०२४ पासून खुला झाला आहे. विडीनें खंगलेल्या छातीस मरणोत्तर रकमेपेक्षां ह्या कार्डाचाच उपयोग आधीं होईल.

राहिली आई. तिचें नांव सातबाऱ्यावर नसतें, कमाई कागदावर नसते, म्हणून कंपनी तिचा मोठा विमा घेण्यास सहसा राजी नसते. त्यांत मिश्रीची भर. परंतु गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत खातेदाराखेरीज घरांतील एका बिनखातेदार माणसाचाही, १० ते ७५ वयापर्यंत, समावेश होतो. सर्पदंश, वीज, विहिरींत पडणें अशा अपघातीं मृत्यूस दोन लाख मिळतात व हप्ता कांहींच नाहीं. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे लगोलग द्यावा लागतो, आणि त्यास पोलीस पंचनामा, सातबारा व तलाठ्याकडील गांव नमुना ६-क चा वारस उतारा जोडावा लागतो. रानांत साप चावून माणूस गेल्यास पंचनामा न करतांच अंत्यविधि उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. तसें केल्यास पुढें कोणत्याही कचेरींत तो अपघात शाबीत करणें कठीण जातें.