पहिल्या एल्कपर्यंतचे दिवस

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दरवर्षी २ लाखांच्या आसपास माणसं एल्कच्या शिकारीसाठी डोंगर चढतात, आणि त्यांतली साधारण ८० ते ८५ टक्के रिकाम्या हातांनी घरी येतात. जनावरांचा तुटवडा आहे म्हणावं, तर तसंही नाही. एल्कची सर्वांत मोठी संख्या याच राज्यात आहे, पावणेतीन ते तीन लाखांच्या घरात. बरं, जनावर डोळ्यांतून सुटेल इतकं लहान नाही. एल्क हा हरणांच्या कुळातला, आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या पुढे जातो, त्याची शिंगं चार-चार फूट लांब होतात, आणि शॉनी लोकांच्या भाषेतलं त्याचं ‘वापिटी’ हे नाव दुरूनही उठून दिसणाऱ्या त्याच्या पांढुरक्या पुठ्ठ्यावरून पडलं आहे. असं जनावर पाचांतल्या चौघांना हुलकावणी देतं. मग नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला पहिला एल्क मिळायला किती वर्षं लागावीत? हंगाम संपला की तिथं हा प्रश्न हमखास विचारला जातो. तो वर्षांच्या हिशेबात विचारला जातो, आणि तिथंच गफलत होते असं मला वाटतं. ही विद्या दिवसांनी मोजायची आहे, आणि नवख्याच्या वाट्याला दिवस फार थोडे येतात.

आधी वर्षांचा हिशेब पाहू. यशाचं प्रमाण २० टक्के धरलं तर सरासरीनं पाच वर्षांत एक एल्क, असं उत्तर चटकन निघतं. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. दरवर्षी पाचांत एक अशी संधी असणारे १०० जण घेतले, तर पाच वर्षांनंतरही त्यांतल्या ३३ जणांचे हात रिकामेच असतील आणि दहा वर्षांनंतर ११ जणांचे. हेसुद्धा सगळ्यांची संधी सारखी आहे असं मानल्यावर, आणि तशी ती कधीच नसते. १० टक्के शिकारी ९० टक्के एल्क मारतात, असं तिथले लोक म्हणतात. हे मोजून काढलेलं प्रमाण नाही, बोलण्याची रीत आहे. पण रोख बरोबर आहे. तीच ती माणसं वर्षामागून वर्षं मांस घरी आणतात आणि एकूण टक्केवारी वर ओढतात. ती बाजूला काढली, की उरलेल्यांची संधी पाचांत एकापेक्षा बरीच खाली येते. धनुष्यबाण घेऊन जाणाऱ्यांचं प्रमाण रायफलवाल्यांपेक्षा एरवीही कमीच असतं. पहिल्याच वर्षी धनुष्य घेऊन, अनोळखी रानात, एकट्यानं जाणाऱ्या माणसानं २० टक्क्यांचा आकडा आपला समजू नये.

आता या ‘वर्षा’त दिवस किती ते पाहा. कोलोरॅडोत रायफलचा पहिला हंगाम पाच दिवसांचा असतो. दुसऱ्या राज्यातून येणारा माणूस ७०० डॉलरच्या वर परवान्याला मोजतो, हजार-दीड हजार मैल गाडी चालवतो, नऊ-दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत पहिला दिवस धापा टाकण्यात घालवतो, आणि एखादा दिवस बर्फात किंवा धुक्यात जातो. उरले तीन. असे पाच हंगाम झाले की तो पाच वर्षांचा अनुभवी म्हणवतो. प्रत्यक्षात रानात कामाचे दिवस झाले पंधरा. मोंटानात रायफलचा सर्वसाधारण हंगाम सुमारे पाच आठवडे चालतो. तिथला रहिवासी शनिवार-रविवार गाठून एकाच वर्षात दहा दिवस रानात काढू शकतो, आणि वर्षभर त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहतो. दोघंही ‘दुसऱ्या वर्षाचे’ शिकारी. पण एकाची शिदोरी दुसऱ्याच्या तिप्पट. पंधरा दिवसांत पोहणं येतं, सायकल येते. एल्कचं रान वाचता येत नाही.

त्या रानात वाचायचं काय असतं? एल्क पहाटे आणि संध्याकाळी कुरणांवर चरतात, आणि ऊन चढलं की बहुधा उत्तरेकडच्या गर्द उतारावर, झाडीच्या गारव्यात रवंथ करत बसतात. सप्टेंबरात नर माजावर आलेले असतात आणि त्यांची शिटीसारखी उंच आरोळी दरीभर घुमते. ऑक्टोबरात बंदुका वाजू लागल्या की तेच डोंगर चिडीचूप होतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचा वारा. पहाटे गार हवा उतारावरून खाली सरकते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली येते. या चढउताराच्या मधल्या घटकेत वारा कोणत्या बाजूला वळेल याचा नेम नसतो, आणि एल्कला माणसाचा वास लागला की तो थांबून खात्री करत बसत नाही. हे सगळं पुस्तकात मिळतं, एका संध्याकाळी पाठही होतं. अडचण पुढची आहे: रान चूक दाखवत नाही. भाकरी करपली तर तव्यावर लगेच दिसतं. पुढची भाकरी टाकताना हात आपोआप सावध होतो. इथं माणूस दिवसभर फिरून एकही एल्क न पाहता तंबूत परततो, तेव्हा कळप त्या डोंगरावर नव्हताच, की होता आणि वास लागून पलीकडच्या दरीत उतरला, की पाचशे पावलांवरच्या झाडीत बसून होता, हे त्याला कळायला मार्ग नसतो. तीन वेगळ्या चुका, आणि तिन्हींचं फळ एकच, रिकामा दिवस. कोलोरॅडोत १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना घेण्याआधी प्रशिक्षण बंधनकारक आहे. ते बंदुकीची सुरक्षितता आणि कायदा शिकवतं, आणि तेच त्यानं शिकवावं. शोधण्याचं शिक्षण मात्र फक्त पायांनी होतं.

शिवाय माणूस शिकत असतो तेव्हा समोरचं जनावरही शिकत असतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एल्कच्या माद्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून त्यांच्या हालचाली वर्षानुवर्षं टिपल्या आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वय वाढत जाईल तशा या माद्या शिकारीच्या काळात हालचाल कमी करतात, दाट आणि अवघड जागा धरतात. नऊ-दहा वर्षांची झालेली मादी शिकाऱ्याच्या हाती जवळपास लागतच नाही. धीट आणि भटक्या माद्या आधीच मारल्या जातात हे याचं एक कारण. पण वाचलेल्या माद्या स्वतःचं वागणं बदलतात हेही त्यात स्पष्ट दिसलं. मला हा अभ्यास या सगळ्या प्रश्नाची किल्ली वाटतो. ती मादी बारा महिने त्याच मुलखात असते, तरी शहाणं व्हायला तिलाही नऊ-दहा हंगाम पाहावे लागतात. तिच्या मुलखात वर्षातून पाच दिवस पाहुणा म्हणून येणाऱ्यानं दोन-तीन वर्षांत तिच्यावर मात करण्याची अपेक्षा धरावी, हे तिच्या बुद्धीला कमी लेखणं आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला: हा सगळा नशिबाचा खेळ, पहिल्याच सकाळी एल्क मिळालेले लोकही असतात. असतात, नाकारता येणार नाही. एका हंगामाचं यश नशिबावर बरंच अवलंबून असतं. पण निव्वळ नशीबच असतं, तर तीच ती माणसं पुन्हा पुन्हा यशस्वी झाली नसती. दुसरा आक्षेप साधनांचा. दूरवर अचूक मारा करणाऱ्या रायफली आल्या, शेताची हद्द न् हद्द दाखवणारे नकाशे मोबाइलवर आले, उपग्रहाच्या चित्रात एकेक कुरण मोजता येतं. मग शिकायला इतका वेळ का लागावा? कारण अडतं ते गोळीपाशी नाही. बहुतेक नवख्यांवर नेम धरायची वेळच येत नाही. नकाशा कुरण दाखवतो, त्या कुरणावर आज कोण चरलं ते दाखवत नाही. ते ताज्या लेंड्या, ओली पाऊलखूण आणि नुकतीच दबलेली गवताची बैठक सांगते. आणि नकाशा सगळ्यांच्याच खिशात असतो, त्यामुळे त्यातली सोयीची जागा पहिल्या दिवशीच गजबजते. मग दबाव वाढला की कळप सरळ खासगी कुरणांच्या कुंपणापलीकडे जाऊन उभे राहतात.

तिसरा आक्षेप पैशाचा. काही हजार डॉलर मोजून वाटाड्या घेतला, त्याच्या खेचरांवर सामान लादलं, तर यशाची शक्यता खरोखरच वाढते. वायोमिंगमध्ये तर राखीव घनदाट रानात शिकारीला जाणाऱ्या परराज्यातल्या माणसानं परवानाधारक वाटाड्या किंवा स्थानिक रहिवासी सोबत घेतलाच पाहिजे, असा कायदा आहे. पण याने माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट बळकटच होतं: वाटाड्याला दिलेले पैसे हे त्याने त्या रानात घालवलेल्या दिवसांची किंमत आहे. आपल्याकडच्या संस्थानी शिकारीत हेच होत असे. कोल्हापुरात चित्ते सोडून काळवीट धरले जात, तेव्हा कसब चित्ता सांभाळणाऱ्यांचं असे. वाघासाठी हाका घातला जाई, तेव्हा वाघाची जागा हाकेकऱ्यांना आणि माग काढणाऱ्यांना ठाऊक असे, मचाणावरच्या पाहुण्याला नव्हे. अमेरिकेच्या सरकारी रानात एकटा शिरणारा शिकारी स्वतःच माग काढणारा, स्वतःच हाकेकरी आणि शेवटी स्वतःच हमाल असतो. या तिन्ही कामांना शिकाऊ काळ लागतो.

बहुतेकांचं अपयश ही या व्यवस्थेतली त्रुटी आहे असंही समजू नये; व्यवस्थाच त्यावर उभी आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे १ कोटी एल्क असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते १ लाखाच्याही खाली आले होते, कारण मांसाचा, कातड्याचा आणि दातांचा बाजार चालू होता आणि कुरणं शेतीखाली गेली होती. पुढे विक्रीसाठीची शिकार बंद झाली, हंगाम आणि परवाने आले, १९३७च्या कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाकडे वळला, आणि आज एल्क पुन्हा १० लाखांच्या आसपास आहेत. किती परवाने द्यायचे हे ठरवताना वन्यजीव खातं मागच्या वर्षांचं यशाचं प्रमाण हिशेबात धरतं. शंभरांतले वीसच यशस्वी होणार म्हणून शंभरांना परवाना देता येतो. साठ होऊ लागले तर परवाने कापावे लागतील आणि सोडतीची रांग लांबेल. रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाचे पैसे त्या डोंगरासाठी खर्च होतात, आणि जनावर डोंगरातच राहतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची दारं बंद केली, आणि ते योग्यच झालं. म्हणून मराठी वाचक विचारेल, की मारण्याची ही विद्या कुणी लवकर शिकला काय नि उशिरा, आपल्याला त्याचं काय? मला त्याचं मोल वाटतं ते जनावराच्या बाजूनं. पहिल्या दोन वर्षांत एल्क मिळायलाच हवा असं मनाशी ठरवून आलेला माणूस शेवटच्या संध्याकाळी, अंधार पडताना, झेपत नसलेल्या अंतरावरून गोळी झाडतो. जखमी एल्क झाडीत शिरतो आणि रात्रभर, कधी कित्येक दिवस, तडफडत मरतो. ना शिकाऱ्याच्या उपयोगाचा, ना सरकारी आकड्यांत मोजलेला. किती वेळ लागतो हे आधीच ठाऊक असलेल्या माणसानं तो चाप न ओढण्याची शक्यता जास्त. आणि नेम बरोबर लागला तरी काम तिथून सुरू होतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसही १०० किलोंच्या आसपास भरतं. ते पाठीवरून, पंचवीस-तीस किलोंच्या खेपा करत, खराब होण्याआधी गाडीपर्यंत आणावं लागतं. एकट्या माणसाला गाडीपासून सहा मैलांवर एल्क मिळाला, तर या हिशेबानं पन्नास मैलांच्या आसपास चालणं होतं. कुठपर्यंत जाऊन गोळी झाडायची नाही, हा अंदाजही त्या शिकाऊ काळातच येतो.

मग नवख्यानं वर्षं कमी करायची असतील तर दिवस वाढवावे. मादीचा परवाना मिळत असेल तर तो आधी घ्यावा. शिंगांचा हव्यास चार वर्षं बाजूला ठेवता येतो. दरवर्षी नवा डोंगर शोधण्यापेक्षा एकच दरी धरून राहावी, आणि रोज संध्याकाळी तंबूत वाऱ्याची दिशा, दिसलेला माग आणि ऐकलेली आरोळी वहीत टिपावी, म्हणजे रिकाम्या दिवसाचीही काही नोंद हाती राहते. आणि जुलैत, माद्या पाडसांना घेऊन उंचावरच्या कुरणांवर चरत असतात आणि नरांच्या वाढत्या शिंगांवर मखमल असते, तेव्हा एक आठवडा दुर्बीण घेऊन त्याच दरीत जावं. सरकारी रानात नुसतं बघायला परवाना लागत नाही.