प्रवाळ मत्स्यालय

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे प्रवाळ, मासे व अन्य सागरी जीव एकत्र जगू शकतील असा, काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यावर उभारलेला कृत्रिम अधिवास होय. टाकी, पंप आणि दिवे एका दिवसात बसवता येतात. परंतु त्या पाण्यात जीव सोडण्याची योग्यता येण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत उपयुक्त जिवाणूंची वसाहत तयार होते. छंद जोपासणाऱ्यांमध्ये या प्रक्रियेस 'सायकलिंग' म्हणतात. नव्या टाकीतील मासे दगावण्याचे नेहमीचे कारण ही प्रतीक्षा टाळणे हेच असते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात इ.स. १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना सागरी जीवांचे पहिले दर्शन घडवणारे ठरले. समुद्रकाठच्या अशा संस्थेस खारे पाणी हाताशी असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावापासून मात्र समुद्र सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरहून दूर आहे. तेथे समुद्र घरीच तयार करावा लागतो.

पाणी

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम व क्लोराइड यांचा वाटा सुमारे ८५ टक्के असला, तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी घटकांवाचून प्रवाळ जगत नाही. म्हणून स्वयंपाकाचे मीठ येथे निरुपयोगी ठरते. मत्स्यालयासाठी तयार केलेले सागरी क्षारमिश्रण वापरतात. १०० लिटर पाण्यास ते साडेतीन ते चार किलोग्रॅम लागते. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ इतके ठेवतात.

मिश्रणासाठी घ्यायचे गोडे पाणी शक्य तितके क्षारविरहित असावे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते, आणि नत्रखतांच्या वापरामुळे त्यात नायट्रेटही उतरलेले असू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. प्रवाळांसाठी ते १० मिलिग्रॅमच्या आत ठेवणे इष्ट समजतात. म्हणजे माणसास निर्धोक असलेले पाणी प्रवाळास तसे असेलच असे नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक असते. गावोगावी मिळणारे जारचे पाणी किंवा घरगुती आरओ यंत्राचे पाणी वापरता येते. मात्र अशा काही यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळलेले असते, म्हणून टीडीएस मोजूनच ते घ्यावे.

नत्रचक्र

माशांच्या कल्ल्यांतून, तसेच विष्ठा व उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया येतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असल्याने त्यातील अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा अधिक घातक रूपात राहतो. नायट्रोसोमोनास व तत्सम जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्रोस्पिरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू या रासायनिक क्रियेतूनच ऊर्जा मिळवतात, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. अशा रीतीने मिळणारी ऊर्जा थोडी, म्हणून त्यांची वाढही मंद. आतड्यातील ई. कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, तर यांना कित्येक तास, प्रसंगी एक दिवस वा अधिक काळ लागतो. आठवड्यांची प्रतीक्षा करावी लागते ती यामुळे.

हे जिवाणू मुख्यतः पाण्यात नव्हे, तर खडक, वाळू व गाळणीच्या पृष्ठभागांवर चिकटून राहतात. त्यामुळे पाणी बदलल्याने वसाहत नष्ट होत नाही. पण गाळणी नळाखाली स्वच्छ धुतली की कित्येक आठवड्यांचे काम वाया जाते. सच्छिद्र खडकाच्या आत प्राणवायू पोहोचत नाही तेथे आणखी वेगळे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये 'जिवंत खडक' व हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणाऱ्या टाकीची माहिती प्रसिद्ध केली होती.

प्रक्रिया

पूर्वी जिवाणूंना अन्न मिळावे म्हणून एखादा काटक मासा टाकीत सोडत. माशास विनाकारण यातना देणारी ही पद्धत आता त्याज्य मानली जाते. तिच्याऐवजी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरतात. कल्हईवाल्यांच्या नवसागराचे हेच रासायनिक नाव. पण बाजारातील नवसागर अशुद्ध असू शकतो, म्हणून तो टाकीत घालू नये. १०० लिटर पाण्यास सुमारे ०.६ ग्रॅम क्षार घातल्यास अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅम होतो. जुन्या निरोगी टाकीतील मूठभर वाळू विरजणासारखी घातल्यास काळ कमी होतो.

प्रथम अमोनिया उतरू लागतो व नायट्राइट चढते. हा मधला टप्पा सर्वांत लांबतो, आणि बिघाड झाला असे समजून नवखे लोक टाकी रिकामी करतात तीही याच वेळी. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसणे हा तयारीचा पुरावा नव्हे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही रंगहीन असतात, ते चाचणी संचानेच कळतात. पुन्हा दिलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत नाहीसा झाला आणि नायट्राइटही शून्यावर आले, की चक्र पूर्ण झाले असे मानतात. मग बरेचसे पाणी बदलून साठलेले नायट्रेट उतरवतात.

पुढील आठवड्यांत खडकावर तपकिरी, मग हिरवी शैवले येतात. ती खाणाऱ्या गोगलगायी आधी सोडाव्यात, त्यानंतर एक मासा, आणि काही आठवड्यांनी दुसरा. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाइतकीच असते. एकदम पाच मासे सोडल्यास तयार टाकीतही अमोनिया वाढतो. कठीण प्रवाळांसाठी सहा महिने ते वर्षभर थांबणे श्रेयस्कर.

उन्हाळा

प्रवाळांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले त्यांना अन्न पुरवतात. पाणी फार काळ तापल्यास प्रवाळ ती बाहेर टाकतात व पांढरे पडतात. म्हणून तापमान २४ ते २७ अंश राखावे लागते, आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडल्यास कूलरच्या तत्त्वाने तापमान दोन-तीन अंश उतरते, परंतु बाष्पीभवन वाढते. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ मागे राहते. कोकणातील मिठागरे चालतात ती याच नियमावर. १०० लिटरमधील ५ लिटर उडाले, तर क्षारता लिटरमागे ३५ वरून जवळजवळ ३७ ग्रॅमवर जाते. त्यामुळे रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी. खारे पाणी घातल्यास क्षारता चढतच राहते. वीज गेल्यावर पाणी स्थिर होऊन प्राणवायू घटतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप अशा वेळी टाकी वाचवतो.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती रचणाऱ्या प्रवाळांचा २००१ मध्ये समावेश झाला. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून, १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातून किंवा विजयदुर्गासमोर खोल समुद्रात असलेल्या, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँकेवरून प्रवाळ वा प्रवाळयुक्त खडक आणणे हा गुन्हा आहे. भारतात टाकी उभारताना सिरॅमिक किंवा तत्सम कृत्रिम खडक वापरतात. परदेशी दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे त्यांच्या आयातीस परवान्याची कागदपत्रे आवश्यक असतात.