प्लीहा ‘मोठी’ म्हणजे नेमकी किती?

पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल हाती आला की यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड या ओळी रुग्ण कसाबसा वाचतो आणि प्लीहेपाशी अडखळतो. ‘प्लीहा किंचित वाढलेली, १२.४ सेंटीमीटर’ एवढ्या एका ओळीने घरात चिंता पसरते. ही चिंता कधी रास्त असते, तर कधी तो निव्वळ एका आकड्याचा खेळ असतो.

प्लीहा, म्हणजेच जुन्या मराठीतील पानथरी, डाव्या बरगड्यांच्या आड दडलेली असते. जीर्ण तांबड्या पेशी रक्तातून गाळून काढणे आणि जंतूंचा समाचार घेणे ही तिची कामे. प्रौढांमध्ये तिचे वजन सुमारे १५० ग्रॅम असते. निरोगी प्लीहा सहसा हाताला लागत नाही. बरीच वाढल्यावरच ती डॉक्टरांच्या बोटांना जाणवते. सोनोग्राफीचे महत्त्व आहे ते यासाठीच.

मात्र ही मोजणी दिसते तितकी सरळ नाही. रुग्णाला उताणे किंवा उजव्या कुशीवर झोपवून डावा हात डोक्याकडे घ्यायला सांगतात आणि खालच्या बरगड्यांच्या फटीतून प्लीहा न्याहाळतात. रुग्णाने फार खोल श्वास घेतला, तर हवेने भरलेले फुप्फुस मध्ये येऊन प्लीहेचे वरचे टोक झाकते. रक्तवाहिन्या जिथे आत शिरतात तो भाग पडद्यावर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे सर्वाधिक अंतर मोजायचे, ती प्लीहेची लांबी. यंत्र किंचित तिरके धरले गेले तरी आकडा बदलतो. दोन केंद्रांच्या अहवालांत काही मिलिमीटरचा फरक पडला, म्हणून आजार बळावला असे होत नाही.

आता मर्यादेविषयी. जर्मनीत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७९३ प्रौढांच्या पाहणीत ९५ टक्के जणांची प्लीहा ११ सेंटीमीटरपेक्षा कमी लांब, ७ पेक्षा कमी रुंद आणि ५ पेक्षा कमी जाड आढळली. जाडीची मर्यादा आणखी कडक, ४ सेंटीमीटर धरून तेथील वैद्यकीय विद्यार्थी ४-७-११ हे माप कोलोन शहराच्या ‘४७११’ या प्रसिद्ध सुगंधी द्रव्याच्या नावावरून पाठ करतात! इतरत्र बहुधा १२ किंवा १३ सेंटीमीटरची मर्यादा मानली जाते. परंतु प्लीहेची लांबी उंचीनुसार वाढते आणि पुरुषांत ती स्त्रियांपेक्षा थोडी अधिक असते. अमेरिकेतील उंच, धडधाकट खेळाडूंची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील कित्येकांची प्लीहा १२ सेंटीमीटरच्या पुढे गेलेली दिसली. उलट पाच फुटांच्या सडपातळ स्त्रीची ११.८ सेंटीमीटरची प्लीहा ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरू शकते. अहवालावर वय लिहिले जाते, उंची मात्र क्वचितच. ती लिहिण्याची पद्धत पडायला हवी.

ताप, रक्ताल्पता, प्लेटलेटची घट किंवा यकृताची तक्रार सोबत असेल, तर त्या आकड्याला वजन येते. हिवताप, विषमज्वर, यकृताचा सिरॉसिस, थॅलेसेमिया, रक्ताचा कर्करोग अशी कारणे मग तपासावी लागतात. हिवतापात औषधोपचारांनी ताप उतरला तरी प्लीहा पूर्ववत होण्यास काही आठवडे लागू शकतात. खरोखर वाढलेली प्लीहा पोटावर बसलेल्या माराने फुटू शकते. त्यामुळे त्या काळात कबड्डी किंवा फुटबॉलसारखे खेळ डॉक्टर बंद ठेवायला सांगतात.