गोराईचा संगणक-पदवीधर : पदवीनंतरची पहिली वर्षे

मुंबईच्या वायव्य टोकाला गोराई हे नाव दोन वस्त्यांना लाभले आहे. खाडीपलीकडील गोराई हे कोळी व ईस्ट इंडियन समाजाचे जुने गाव होय. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेस आहे ती म्हाडाने वसविलेली वसाहत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली हाती घेण्यात आलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप व मालवणीबरोबर गोराईचाही समावेश होता. रस्ते, पाणी व मलनिःसारण यांची सोय शासनाने करावी, लहान लहान भूखंड द्यावेत आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे, असे या योजनेचे स्वरूप होते. मोठ्या व व्यापारी भूखंडांच्या उत्पन्नातून अल्प उत्पन्न गटाच्या भूखंडांचा भार काही अंशी उचलला गेला. घरांच्या योजनांचा विचार करताना सहसा विटांचाच हिशेब मांडला जातो. परंतु डोक्यावर हक्काचे छप्पर असलेले कुटुंब मुलाच्या तीन-चार वर्षांच्या शिक्षणाचा खर्च अधिक निश्चिंतपणे सोसू शकते, ही बाबही विचारात घ्यावयास हवी. अशा घरांतून बाहेर पडणाऱ्या तरुण-तरुणींमध्ये संगणकशास्त्राचे पदवीधर आता नवलाईचे राहिलेले नाहीत.

ज्या व्यवसायात हा पदवीधर पाऊल टाकतो, त्याचे मूळही मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये अंधेरी येथे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच ‘सीप्झ’, सुरू झाले. त्या काळात परदेशी ग्राहकाचे काम करण्यासाठी तंत्रज्ञालाच परदेशी जावे लागे. १९९१ साली सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने स्थापन झाली, उपग्रहाद्वारे दळणवळणाची सोय झाली आणि काम येथे बसून करणे सुकर झाले. २०२३ च्या जानेवारीत दहिसर–अंधेरी पश्चिम मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागल्याने बोरिवली परिसरातील नोकरदारास लोकलच्या गर्दीला एक पर्यायही मिळाला आहे.

महाविद्यालयात विद्यार्थी माहितीची रचना, कार्यप्रणाली, माहितीकोश, संगणकांचे जाळे आणि त्यांना आधारभूत असलेले गणित शिकतो. तेथील आज्ञावली बहुधा शे-दोनशे ओळींची असते, ती एकटा विद्यार्थी लिहितो आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर तिच्याकडे कोणी फिरकत नाही. नोकरीत नेमके याच्या उलट घडते. काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर नवोदितास सहसा नवे काही लिहावयास दिले जात नाही. दुसऱ्या कोणी, कदाचित दहा वर्षांपूर्वी, लिहिलेल्या लाखो ओळींच्या आज्ञावलीतील दोष शोधणे अथवा तिची चाचणी घेणे हे काम त्याच्या वाट्याला येते. अनेकांचा हिरमोड होतो तो येथेच. वस्तुतः हा व्यवसाय शिकण्याची खरी जागा तीच आहे.

हे काम कसे असते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. गोराई खाडीतील फेरीबोटीची तिकिटे दोन खिडक्यांवर संगणकाद्वारे दिली जात आहेत, असे समजू या. बोटीत एकच जागा शिल्लक आहे. दोन्ही खिडक्यांनी एकाच क्षणी शिल्लक जागा विचारली. दोघींनाही ‘एक’ असे उत्तर मिळाले. दोघींनीही तिकीट दिले. बोटीत एक उतारू जास्त झाला. आता चूक कोणाची? प्रत्येक खिडकीची आज्ञावली स्वतंत्रपणे तपासल्यास निर्दोषच आढळते. दोष आहे तो शिल्लक पाहणे आणि ती एकाने कमी करणे या दोन क्रियांमधील अत्यल्प अवधीत. या दोन क्रिया अविभाज्य करणे, म्हणजे एका खिडकीचा व्यवहार पुरा होईपर्यंत दुसरीला थांबविणे, हा त्यावरील उपाय. त्याची व्याख्या विद्यार्थ्याने परीक्षेत अचूक लिहिलेली असते. नोकरीत मात्र त्याच्यापुढे येते ती ‘कधी कधी एक उतारू जास्त होतो’ एवढीच तक्रार. कार्यालयात एकाच खिडकीवर चाचणी घेतली तर दोष कधीच दिसणार नाही. तो दिसण्यासाठी दोन्ही खिडक्या मुद्दाम एकाच वेळी चालवाव्या लागतात. हे सुचणे म्हणजे कौशल्य, आणि ते जुन्या आज्ञावल्या वाचूनच येते.

२०२२ च्या अखेरीपासून आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वत्र उपलब्ध झाली. नवोदितांकडे सोपविली जाणारी किरकोळ कामे त्यांपैकी काही अंशी ही साधने करू लागली आहेत. यंत्राने लिहिलेली ओळ वरकरणी शुद्ध दिसते. तिकीट खिडकीचा वरील दोष तिच्यातही राहू शकतो. म्हणून वाचून पारखण्याचे महत्त्व उलट वाढले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास आणखी एक अडचण जाणवते. तांत्रिक विषय त्याला समजलेला असतो, परंतु तो इंग्रजीत थोडक्यात लिहून कळविणे जड जाते. शिक्षकांनी प्रत्येक प्रात्यक्षिकाबरोबर ‘काय बिघडले, कसे शोधले’ असे दहा ओळींचे टिपण लिहून घेतल्यास ही अडचण बरीच दूर होईल.

पहिल्या नोकरीच्या करारात ठरावीक काळ सेवा न केल्यास रक्कम भरण्याची अट पुष्कळदा असते. ती वाचून कुटुंबे धास्तावतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ अन्वये करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा मानली जाते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देववू शकते. अर्थात, सही करण्यापूर्वी अट वाचून घेणे उत्तमच. नोकरी देण्यासाठी आगाऊ अनामत मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहणे इष्ट.

ज्यांना थेट नोकरी मिळत नाही, त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग खुला आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने अभियांत्रिकीव्यतिरिक्त अन्य पदवीधरांनाही या योजनेची दारे उघडली. त्यामुळे विज्ञान शाखेतून संगणकशास्त्राची पदवी घेतलेला विद्यार्थीही पात्र ठरतो. या काळात विद्यावेतन मिळते व त्याचा काही भाग केंद्र सरकार सोसते. पश्चिम विभागासाठी या योजनेचे काम पाहणारे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ मुंबईतच आहे.